निसलेले शंभर दाणे

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसानं टेबलाखाली बसू नये, असं उकंडराव गावंड्यांच्या गुडघ्यांचं स्पष्ट मत होतं. पण गुडघ्यांना विचारतो कोण? वाशीमच्या एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाच्या खोलीत, हिरवं कापड सोडलेल्या टेबलाखाली उकंडराव चित्रीकरण असेल त्या मंगळवारी मांडी ठोकून बसत, उजवा हात वर करत, आणि वर कॅमेऱ्यासमोर एक रोही कान हलवून मुलांना रामराम करी.

रोही म्हणजे नीलगाय. या जिल्ह्यात तिच्याविषयी दोन शब्द बरे बोलणारा माणूस सापडणं कठीण. उभ्या हरभऱ्यात कळप शिरला की सगळ्या मेहनतीची माती. 'मोजून पाहू' ही मुलांसाठीची विज्ञानमालिका शैक्षणिक वाहिनीनं मंजूर केली, तेव्हा ती लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या वैजयंती मॅडमनी नायक म्हणून घुबड धरलं होतं. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक उकंडराव घुबड करतो म्हणून गेले आणि हातात घालून नाचवायचा फोमचा रोही घेऊन आले. "घुबड हुशारच असते, मॅडम. त्याले आनखीन काय शिकोसान? पिकात घुसनारा रोही शिकला त गम्मत हाये." मॅडमनी मान डोलावली. एक तर मुद्दा बिनतोड होता, आणि दुसरं म्हणजे घुबड करून द्यायला वाशीमात दुसरं कोणी नव्हतं.

या रोहीची एक खोड होती. कोणी काही ठामपणे सांगितलं की तो मान तिरपी करून विचारायचा, "कोनं मोजलं?" चंद्रावर माणूस हलका होतो? कोनं मोजलं? गांडूळ दिवसाला इतकी माती खातं? कोनं मोजलं? मग मोजणी व्हायची, आणि मोजल्याशिवाय रोही कशालाही हो म्हणायचा नाही. दोन वर्षांत चाळीस भाग झाले. त्यात त्याच्या तोंडून एकही न मोजलेला आकडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट उकंडरावांना त्यांच्या पेन्शनीपेक्षा जास्त प्यारी होती. जिल्ह्यातल्या आया मात्र वैतागल्या होत्या. दोन पोळ्या खाल्ल्यास म्हटलं की पोट्टं मान वाकडी करून विचारणार, कोनं मोजलं.

खोलीचा एक नियम होता आणि तो उकंडरावांनीच केलेला होता. चित्रीकरण संपलं की रोही थेट पत्र्याच्या ट्रंकेत, वर कुलूप. ट्रंक खोलीबाहेर न्यायची नाही. "त्याच्या पोटात मानसाचा हात हाये हे पोट्ट्यायले मालूम असते," ते म्हणत, "पन दिसू नये."

उन्हाळ्यात उगवण चाचणीचा भाग झाला. सोयाबीनच्या पट्ट्यात ही गोष्ट लहान पोरालाही कळायला हवी. बियाण्यातले शंभर दाणे घ्यायचे, जसे येतील तसे, न निवडता. ओल्या बारदान्यावर, म्हणजे गोणपाटावर, दहा-दहाच्या रांगा लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर खुशाल पेरा. फारच कमी आले तर ते बियाणं नव्हे, नुसतं धान्य.

बियाणं आणलं आसेगावचं. तिथं उकंडरावांचा पुतण्या विकास शेती करत होता. मागच्या हंगामात ऐन सोंगणीला, म्हणजे कापणीला, पाऊस आला होता, तरी त्यानं वाळवून तीस पोती घरचं बियाणं म्हणून ठेवली होती. त्यातली एक पिशवी त्यानं काकांकडे वाशीमला पाठवली. कॅमेऱ्यासमोर एका शाळकरी पोरीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, तिनं पिशवीतून मुठी भरल्या, आणि सातव्या दिवशी रोहीनं एकेक कोंब मोजला. ब्याण्णव निघाले. मजकुरात तेवढंच होतं. पण टेबलाखाली बसलेल्या माणसाला राहवलं नाही, आणि रोहीच्या तोंडून निघून गेलं, "हे आमच्या आसेगावच्या विकासभाऊचं बियानं हाय बरं काय!" वैजयंती मॅडम हसल्या आणि वाक्य तसंच राहू दिलं. आपल्या गावाचं नाव टीव्हीवर घ्यायची हौस मास्तरांनाही असते.

भाग दाखवला गेला मेच्या शेवटच्या आठवड्यात. आठ दिवसांत विकासचा फोन आला. तीसच्या तीस पोती गावानं सांगून ठेवली होती, अकरा घरांना त्यानं शब्द दिला होता, आणि पेरणी पंधरवड्यावर होती.

उकंडराव भलत्या खुशीत जेवायला बसले. त्यांची बायको कस्तुराबाई ओसरीच्या कडेला सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या.

"पाह्य," उकंडराव म्हणाले, "पानी लागलेलं बियानं, तरी शंभरात ब्याण्णव. विकासची मेहनत हाये."

कस्तुराबाईंनी सुपावरची नजर काढली नाही. "तशीच देली असती पिशवी, त निंगाले असते काय ब्याण्णव?"

"म्हंजे?"

"दोन दुपारा बसून निसली म्या ते. डागी, चिरलेले, चपटे, समदे काढले. अर्धी पिशवी त बकरीले टाकली."

उकंडरावांनी घास ताटात ठेवला. "निसाले कोनं सांगतलं तुले?"

आता कस्तुराबाईंनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "सांगाले कायले पायजे? घरातून दाना भाईर जाते त निसून जाते. अन् हा त टीवीवर जानार होता. तसाच देऊ काय? लोक काय म्हनतीन, गावंड्याच्या घरात सूप नाई काय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांच्या हातचं धान्य खाऊन कुणाच्या दाताखाली खडा आला नव्हता, आणि आसेगावात अजून सुनांना कस्तुराबाईच्या निसण्याचा दाखला देत. उकंडरावांनी मनात हिशेब केला. अर्धी पिशवी बकरीनं खाल्ली, उरलेल्या अर्ध्यातले शेकडा ब्याण्णव उगवले. म्हणजे विकासच्या पोत्यांत खरे निघतील शेचाळीस, फार तर पन्नास. अकरा घरं ते बियाणं जमिनीत घालणार आणि निम्मं वावर उघडं पडणार. दुसऱ्यांदा पेरायची पाळी येणार, आणि तोवर हंगाम पुढे निघून गेलेला असणार. आणि हे सगळं रोहीच्या शब्दावर. उकंडराव ताटावरून उठले.

त्यांनी आधी विकासला फोन केला. विकासनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, साऱ्या गावानं पाह्यलं टीवीवर. एकएक कोंब मोजला."

"ते निसलेले होते म्हन्तो ना मी. पुना चाचनी कर. सातच दिवस लागते, तेवढे हायेत हातात."

"अन् कमी आले त? अकरा घरायले काय सांगू? माह्या काकूनं निसले म्हनून?" विकासनं आवाज खाली आणला. "लोक म्हनतीन, घरात वाद झाला असन, म्हनून काका उलटले. तुमच्या बोलन्यावर नाई कोनी बियानं धरलं, काका. रोहीच्या बोलन्यावर धरलं."

"अरे, रोही म्हंजे मीच!"

"मले मालूम हाये. त्यायले पटोसान काय?"

उकंडराव दुसऱ्या दिवशी वैजयंती मॅडमकडे गेले. त्या शाळेत विज्ञान शिकवत, उरलेल्या वेळात मालिका करत, आणि दोन्हीकडे वेळ कमी पडतो म्हणून सदा घाईत असत. सगळं ऐकून त्या खुर्चीत टेकून बसल्या.

"सर, दुरुस्तीची पाटी टाकता येईल. पण आधी वाहिनीच्या समितीपुढं जावं लागतं. महिना तरी धरा."

"पेरनी तेरा-चवदा दिवसावर हाये."

"मला कळतंय. पुढचं चित्रीकरणही वीस तारखेनंतर." त्यांनी तपासायची वही बाजूला सरकवली. "आणि ते गावाचं नाव मजकुरात नव्हतं."

"नोतं. ते माहं पाप हाये." उकंडरावांनी चष्मा पुसला. "मॅडम, मले रोही न्याचा हाये. आसेगावले. एक दिवस."

"ट्रंक खोलीबाहेर न्यायची नाही. तुमचाच नियम आहे, सर."

"म्हनून त मलेच मोडाचा हाये."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "समितीला मी सांगते. आणताना कान दुमडू नका," म्हणाल्या आणि पुन्हा वह्या तपासू लागल्या.

मंगरूळपीरच्या गाडीत ट्रंक दोघांच्या पायांमध्ये ठेवली होती. कस्तुराबाई सोबत निघाल्या होत्या, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. बराच रस्ता मागे पडल्यावर त्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "तठी माहं नाव घ्यासान काय?"

"नाई."

"मंग काय सांगसान?"

"पाह्यतो."

उकंडरावांना आपण कशात सापडलो ते नीट कळलं. रोही आजवर खोटं बोलला नव्हता. आणि खरं बोलला तर चाळीस वर्षांत जिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तिला पुढची वीस वर्षं गाव हसणार. लग्नात, बारशात, जिथं दहा बायका सूप घेऊन बसतील तिथं तिचा विषय निघणार. गाडी मंगरूळपीरला पोचली तरी त्यांचं मन कुठल्याच बाजूला ठरलं नव्हतं. तिथून आसेगावची गाडी पकडली.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात पन्नासेक माणसं जमली, त्यात निम्मी पोरं. विकास एका खांबाला टेकून उभा राहिला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. कोणीतरी म्हणालं, "काका, चादर बांधू काय आड?" उकंडराव नको म्हणाले. त्यांनी ट्रंक उघडली, सगळ्यांसमोर रोहीच्या पोटात हात घातला, बोटं जबड्यात बसवली आणि हात वर केला. आपली फजिती होणार याची त्यांना पुरती खात्री होती. ओठ हलणार, मनगट दिसणार, पोरं फिदीफिदी हसणार.

रोहीनं कान हलवून रामराम केला. पोरं हसली नाहीत. थोड्या वेळानं ती उकंडरावांच्या ओठांकडे पाहायचीही विसरली. साठी उलटलेला एक माणूस रोहीच्या खाली उभा आहे, याची त्यांना काही पडलेली नव्हती. दोन वर्षं जपलेला नियम इतका बिनकामाचा होता हे पाहून उकंडरावांना जरा वाईटच वाटलं.

"पोट्टेहो," रोही म्हणाला, "म्या चुकलो. ब्याण्णव सांगतले, थे खरे नाईत."

मोठी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पुढच्या रांगेत विकासची नऊ वर्षांची राखी बसली होती. तिनं मान तिरपी केली.

"पन तूच मोजले ना?"

"मोजले बरोबर. पन थे दाने निसलेले होते. पिशवीतले खराब दाने आंधीच काढले होते. निसलेल्या दान्यायची चाचनी चाचनी नाई. आता पुना शंभर घ्या, पोत्यातले, जसे येतीन तसे. तवरोक कोनी पेराचं नाई."

"कोनं निसले?" राखीनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे उकंडरावांना ठाऊक होतं. गाडीत, चालताना, ट्रंक उघडताना ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. रोहीचा जबडा उघडला आणि क्षणभर तसाच उघडा राहिला. बायकांच्या घोळक्यात कस्तुराबाई कुठं बसल्यात तिकडं उकंडरावांनी मुद्दाम पाहिलं नाही.

"म्या," रोही म्हणाला.

राखीनं त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. "तुले त खुरं हायेत," ती म्हणाली. "खुरानं दाने कसे निसले?"

आता मात्र सगळा व्हरांडा हसला. विकाससुद्धा हसला. उकंडराव हात वर करून तसेच उभे होते. रोहीला पोरांनी पहिल्यांदाच खोट्यात पकडलं होतं, आणि तेही त्यानंच शिकवलेल्या रीतीनं. त्यांना शरम वाटली. फोमच्या जनावरालाही वाटली असती तर नवल नव्हतं.

"म्या निसले," मागून आवाज आला. कस्तुराबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावर नीट घेऊन त्यांनी पुन्हा सांगितलं, "रोहीनं नाई, म्या निसले. टीवीवर जानार म्हनून दोन दुपारा बसून निसले. मले चाचनी-बिचनी मालूम नोती."

पुरुष पुन्हा हसायच्या बेतात होते. पण बायकांत कोणी हसलं नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकीनं तेच केलं असतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हातारी रुपाबाई मोठ्यानं म्हणाली, "मंग तसेच देते काय कोनी?" पुरुषांचं हसू तिथंच विरलं.

पोतं आणलं. कोणीतरी म्हणालं, काकूच्याच हातानं दाणे काढा, फिटंफाट होईल. कस्तुराबाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठ भरली, पण हात वर येईना. पोत्याच्या आत त्यांची बोटं चालत होती. चपटा दाणा लागला की अंगठा त्याला बाजूला सारायचा, चिरलेला लागला की करंगळीकडून तो गळून पडायचा. हे त्या करत नव्हत्या, आपोआप होत होतं. त्यांनी रिकामा हात बाहेर काढला आणि रुमाल सोडला.

"माह्या हातानं नका घेऊ," त्या म्हणाल्या. "ह्या बोटायले डोये लागत नाईत."

रुमाल त्यांनी विकासच्या हातात दिला. तो जरा घुटमळला. मग पोत्याशी बसला, डोळे बांधून घेतले आणि मुठी भरून राखीच्या ओच्यात टाकू लागला. राखीनं मोठ्यानं शंभर मोजले, आणि पोरांनी ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगा लावल्या.

उकंडराव आणि कस्तुराबाई त्याच संध्याकाळी जीपनं परत निघाले. सात दिवस दोघंही फोनजवळच घुटमळत राहिली, आपण फोनजवळ घुटमळत नाही असं एकमेकांना दाखवत.

आठव्या दिवशी सकाळी फोन वाजला. राखी होती. "आबाजी, रोहीले द्या."

रोही कुलपात होता. उकंडरावांनी घसा खाकरून त्याचा आवाज काढला. "बोल व पोट्टे."

"अठ्ठेचाळीस."

"कोनं मोजलं?" सवयीनं तोंडून गेलं.

"बाबानं. तीन डाव मोजले. तिन्ही डाव अठ्ठेचाळीसच आले. मंग बाबा उठले, अन् अकराही घरी सोता जाऊन आले."

उकंडरावांनी आता आपल्याच आवाजात विचारलं, "अन् पोते?"

"आज बाजारात नेले. तेलाले. लोकायनं दुसरं बियानं पाह्यलं, त्याचीबी चाचनी लावली. बारदाने पुरून नाई राह्यले गावात."

फोन ठेवून उकंडराव ओसरीवर आले. कस्तुराबाईंपुढं सूप होतं, सुपात गहू. त्यांनी मान वर करून नुसतं पाहिलं.

"अठ्ठेचाळीस," उकंडराव म्हणाले.

कस्तुराबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "अर्धी पिशवी बकरीले टाकली म्हनून त म्या तुमाले सांगतलंच होतं," त्या म्हणाल्या. "दोनच दान्यायचा फरक पडला. पयल्याच दिवशी इचारलं असतं त सांगतलं असतं. कोनी इचारलंच नाई."